गेटबाहेरचा रिसॉर्ट

रिसॉर्टची रूम परवडते हो, रिसॉर्टचा चहा परवडत नाही! अजिंठ्याच्या पायथ्याशी दोन रात्री काढून, एसटीने जळगाव-धुळे करून आणि भरितापायी चांगलंच फसून आलेल्या एका जोडप्याचा हा हिशेब…

आमच्या फ्रिजवर गेली दोन वर्षं एक फोटो चिकटवलेला आहे. निळंशार पाणी, पांढरी वाळू, आणि फोटोच्या कोपऱ्यात कुणाचातरी हात. त्या हाताच्या मनगटाला केशरी पट्टी. हा बार्बाडोस. पाठवणारा माझा मावसभाऊ, जो क्रूझवर किचनमध्ये काम करतो. ती पट्टी म्हणजे कॅरिबियनमधल्या ‘ऑल-इन्क्लुझिव’ रिसॉर्टची ओळख. एकदा रग्गड पैसे भरायचे, पट्टी बांधून घ्यायची, आणि मग आठवडाभर खाणं-पिणं-डुंबणं सगळं त्यातच. आमच्या लग्नानंतर आम्ही तिकडे जाणार होतो. नक्की जाणार होतो. पण मध्ये कल्याणचा वन बीएचके आला, त्याच्या मागोमाग ईएमआय आला, आणि फोटो फ्रिजवरच राहिला.

बरं, डाऊन पेमेंटही काही आमच्या एकट्याच्या जिवावर झालेलं नाही. माझे सासरे, म्हणजे आप्पा, धुळ्याला एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर जो फंड हातात आला, त्यातला मोठा वाटा त्यांनी न मागता आमच्या फ्लॅटमध्ये घातला. ‘माझं काय, दोन भाकरींवर भागतं,’ म्हणाले. आता सांगा, अशा माणसाला फोन करून कुठल्या तोंडाने सांगणार की, आप्पा, आम्ही बीचवर जाऊन केशरी पट्टी बांधून येतो?

म्हणून यंदाच्या डिसेंबरमध्ये नवऱ्याने तोडगा काढला. ‘समुद्र नाही जमणार, पण रिसॉर्ट जमेल. आणि माझ्याच मुलखात जमेल!’ अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरच्या परिसरात. दोन रात्री रिसॉर्ट, तिसऱ्या दिवशी धुळ्याला घरी जेवून परत. एकूण बजेट दोघांचं मिळून १६,००० रुपये. एक्सेल शीट उघडली, रकाने पाडले. आणि धुळ्याला फोन करून सांगितलं की रूम २,२०० रुपयांची आहे. खरी होती ४,६०० ची. (हो हो, माहितीये. पुढे काय झालं ते सांगतेच.)

शंभर पावलांचा नियम

निघण्याआधी मावसभावाशी व्हिडिओ कॉल झाला. त्याला म्हटलं, बाबा रे, तू एवढी रिसॉर्टं बघतोस, पैसे वाचवायचे कसे ते सांग. तो हसला. म्हणाला, ‘पैसे रूममध्ये जात नाहीत. रूमचा रेट तू आधीच बघून घेतेस ना? पैसे जातात जेवणात आणि टॅक्सीत, कारण तिथे तू अडकलेली असतेस. गेटच्या बाहेर शंभर पावलं टाक, किंमत निम्मी होते.’

त्याचंच उदाहरण. जहाज ब्रिजटाऊनला लागलं की टुरिस्ट टॅक्सीच्या रांगेत उभे राहतात आणि जहाजावरची पोरं मात्र झेडआर व्हॅन पकडतात. नंबरप्लेट ‘झेडआर’ने सुरू होते म्हणून हे नाव. दाटीवाटीने माणसं भरलेली, गाणी फुल्ल आवाजात, आणि कुठेही उतरा, भाडं एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर. आपल्याकडच्या काळी-पिवळीची सख्खी बहीणच की! आणि त्रिनिदादला उतरलं तर सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ खायचे. दोन मऊ बरे, त्यांत छोल्यांची उसळ, वर तिखट चटणी. १८४५ पासून जे गिरमिटिये भारतातून तिकडे ऊस तोडायला गेले, त्यांच्या वंशजांनी केलेला हा पदार्थ. रिसॉर्टच्या बुफेत पास्ता असतो. बेटाची खरी चव गेटबाहेर कागदात गुंडाळून मिळते, असं त्याचं म्हणणं.

हा नियम खान्देशात चालतो का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

फुल तिकीट एकट्यालाच

गुरुवारी रात्री कल्याणहून गाडी पकडली, पहाटे जळगाव. स्लीपरचं तिकीट माणशी तीनशेच्या आसपास. रिसॉर्टवाल्यांनी आदल्या दिवशीच मेसेज केला होता, स्टेशनवर गाडी पाठवतो, २,८०० रुपये. एका बाजूचे! अंतर किती? साठेक किलोमीटर.

इथे आप्पा उपयोगी पडले. त्यांनी फोनवरच सगळा मार्ग पाठ करून घेतला. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी कुठलीही साधी गाडी धरायची. नेरी, पहूर, वाकोद करत ती फर्दापूरला येते. एसटीचं भाडं टप्प्यांवर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. म्हणजे जळगाव-फर्दापूर दहाएक टप्पे. जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पंधरा टक्के भाडेवाढ झाली, तरी साध्या गाडीला शंभराच्या आसपासच बसतात. आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट! त्यामुळे आम्हा दोघांचे मिळून दीडशे रुपये. कंडक्टरने मशीनमधून माझं अर्धं आणि नवऱ्याचं पूर्ण तिकीट काढून दिलं, आणि नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

ऑफिसात एकाने सुचवलं होतं की एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढा, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो. मीही तो काढणारच होते. आप्पांनी फोनवर थांबवलं. ‘तुला अर्धं तिकीट आहे ना बेटा? मग पास कशाला? पास त्याला परवडतो, जो दिवसभर गाडीतच बसून राहतो. तुम्ही दोन ठिकाणं बघणार, बाकी वेळ झोपणार.’ बाईने पास काढण्याआधी सुट्ट्या अर्ध्या तिकिटांची बेरीज करून बघावी, हे तत्त्व मी तेव्हाच शीटमध्ये लाल अक्षरात लिहून टाकलं. ज्येष्ठांचंही तसंच. पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. म्हणजे आमच्या चौघांच्या घरात फुल तिकीट फक्त माझ्या नवऱ्याचं. सध्या हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

साडेआठला रिसॉर्टच्या गेटवर पोचलो. चेक-इन बाराला. नवरा लॉबीतल्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपला, आणि मी फ्रूट बास्केटकडे बघत बसले. आता बघा, इथून केळीचे मळे किती लांब? रावेर, यावल, सगळा जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेलं. आणि बास्केटमध्ये काय? स्टिकर लावलेली परदेशी सफरचंदं! केळं एकही नाही.

पहिली चूक तिथेच झाली. भूक लागली होती, ऊन चढलं होतं, बाहेर जायचा कंटाळा आला होता. म्हटलं, एक जेवण तर जेवू. पनीर बटर मसाला, रोट्या, जिरा राइस, दोन ताक, एक पाण्याची बाटली, आणि मेन्यूत ‘खान्देशी स्पेशल’ या नावाखाली दिसलेली शेवभाजी. शेवभाजी गोड होती. गोड! नवऱ्याने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. बिल आलं २,१४० रुपये. चूक त्यांची नव्हती म्हणा, रेट मेन्यूत छापलेलेच होते. आम्हीच गेटच्या आत होतो.

संध्याकाळी मात्र शंभर पावलं टाकली. खरं तर सातशे-आठशे झाली असतील. हायवेला एक ढाबा, बाहेर दोन बाजा, आत चूल. शेवभाजी मागितली तर मालकाने आधी विचारलं, ‘तिखट चालंल ना?’ काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत आला, ताटात कांदा-लिंबू, आणि शेव वेगळ्या वाटीत. ही शेव जेवताना घालायची, आधी घातली की तिचा लगदा होतो. जाडी, लवंग-मिऱ्याची तिखट शेव. बाजूला ज्वारीची भाकरी. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र दुपारनंतर पहिल्यांदाच समाधान. दोघांचे ३४० रुपये, चहासकट.

फर्दापूर नकाशात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पडतं, पण जिभेने ते खान्देशात आहे, असं त्या रात्री आमचं ठरलं.

चाळीस रुपयांत अजिंठा

शनिवारी लेणी. (सोमवारी बंद असतात. बुकिंग करण्याआधी हे बघा, आमच्या ओळखीतलं एक जोडपं थेट सोमवारी येऊन गेटला हात लावून गेलं आहे!) रिसॉर्टचं ‘अजिंठा एक्सपीरियन्स’ पॅकेज होतं ३,५०० चं, त्यात गाडी, गाइड, टोपी आणि पॅक्ड लंच. पण गंमत अशी की तुम्ही कितीही भारी गाडीने या, ती लेण्यांपर्यंत जाऊच शकत नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला सगळ्यांनाच उतरावं लागतं, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्याच बसने. मग ३,५०० कशाचे? टोपीचे? भारतीयांना लेण्यांचं तिकीट ४० रुपये. आम्ही रिसॉर्टच्या ब्रेकफास्टला पोटभर खाऊन घेतलं (तो रूमच्या भाड्यात होता, त्यामुळे लाजलो नाही), आणि सकाळच्या पहिल्या बसपैकी एक पकडली.

सकाळी लवकर जाण्याचा फायदा पैशांत मोजता येत नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर आम्ही दोघं आणि एक सुरक्षारक्षक, बस्स. दिवे मंद, कारण रंगांना उजेड सोसत नाही. फ्लॅश बंद. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि मग भिंतीतून एकेक चेहरा वर येऊ लागतो. सहलीची गर्दी आली की ही दोन मिनिटं कुणी तुम्हाला देत नाही. शेवटाकडच्या सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची झोपलेली भव्य मूर्ती आहे. तिच्या पायाशी नवरा इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं उभ्याउभ्या झोपला.

खाली वाघूर नदीचं वळण, घोड्याच्या नालासारखं, आणि त्या वळणात ओळीने सगळी लेणी. जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची, आणि भरजरी चित्रांची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. पुढे रान माजलं, आणि १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती समोरच्या डोंगरावरून दिसली. पण मला सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट. फिरतीवरचे बौद्ध भिक्खू पावसाळ्यात एका जागी थांबत, त्याला वर्षावास म्हणतात. हे विहार म्हणजे त्या मुक्कामाच्या जागा. राहायला दगडी खोली, दगडाचाच पलंग, आणि जेवण भिक्षेचं. म्हणजे इथला पहिला रिसॉर्ट! आणि जेवायला गेटबाहेर जायची पद्धतही तेव्हापासूनचीच. हा विनोद नवऱ्याला अजिबात आवडला नाही, पण छापायला हरकत नसावी.

भरीत: रुपये १,८५०

आता खरी कहाणी. डिसेंबर, जळगाव, आणि भरीत खायचं नाही? अशक्य. आम्ही लेण्यांवरून दुपारी टी-पॉइंटला किरकोळ खाऊन (२६० रुपये) सरळ जळगावची एसटी धरली. पुन्हा दीडशे.

मुंबईत आपण ज्याला भरीत म्हणतो ना, ते विसरा. इथली वांगी पोपटी-पांढरी, हातभर नाही पण वीतभर नक्की, आणि बिया जवळजवळ नाहीतच. आसोदा, बामणोद या गावांचं नाव त्यासाठी घेतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं, केळीसोबतच. गॅसवर भाजायची नाहीत. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. साल करपून काळीठिक्कर झाली की सोलायची, आणि मग लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर कुटायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. फोडणीत तेल बघून डाएटवाल्यांनी डोळे मिटून घ्यावेत. हिवाळ्यात जळगावात हे भरीत किलोवर विकतात! अर्धा किलो, पाव किलो, पार्सल. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळून केलेली.

आम्ही गेलो त्या ठिकाणी शनिवारची रांग होती. मागे अंगणात धूर, बडगीवर धप्-धप् आवाज चालू, आणि रांगेतला प्रत्येक जण तीन-तीन किलो घेणारा, कारण कुणाकडे तरी भरीत-पार्टी. आम्हाला अर्धा किलो हवं, हे सांगताना मला चक्क ओशाळल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, थांबू, गाडी मिळेल. मी म्हटलं, थांबू. भरीत हातात आलं, पुऱ्या आल्या, अडीचशे रुपये दिले, आणि बसस्थानकावर पोचतो तर आमच्या कामाची गाडी नुकतीच गेलेली. पुढची? ‘बघा, लागली तर लागली.’ तासभर थांबलो. नाही लागली. काळी-पिवळ्याही संपल्या होत्या, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ.

शेवटी गाडी केली. १,६०० रुपये. घासाघीस केली असती तर शंभर-दोनशे कमी झाले असते. पण ड्रायव्हरला साठ किलोमीटर रिकामी गाडी घेऊन परत यायचं होतं, अशा वेळी काय भांडणार? खान्देशात एसटीच्या जिवावर फिरायचं तर सूर्य मावळायच्या आत परतीच्या गाडीत बसायला हवं. हे आप्पांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

आणि कळस पुढेच. गेटवर वॉचमन काकांनी पिशवीकडे बघून हात आडवा केला. ‘ताई, बाहेरचं जेवण आत नेता येत नाही. नियम आहे.’ आता काय करावं? हुज्जत घालायला मी तोंड उघडलं, पण पिशवीतून धुरकट वांग्याचा वास असा काही सुटला की काकांनीच विचारलं, ‘जळगावचं का?’ गेटबाहेर त्यांच्या खुर्चीशेजारी एक सिमेंटचा बाक होता. तिथे बसून आम्ही तिघांनी ते भरीत खाल्लं. काकांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी काढली, पुऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. ‘पुरी पाहुण्यांसाठी असते,’ म्हणाले. अर्धा किलो भरीत, अधिक गाडी, बरोबर १,८५० रुपये. बिलावर सही करायला सांगितली असती तर आनंदाने केली असती, इतकं ते छान होतं. शीटमध्ये भरताना मात्र हात जड झाला.

रकाना क्रमांक चौदा

रविवारी चेक-आउट, पुन्हा एसटीने जळगाव, आणि तिथून एरंडोल, पारोळा करत धुळे. नव्वदेक किलोमीटर, दोघांचे मिळून २४० रुपये. पारोळ्याला नवरा खिडकीशी सरकून बसला आणि बोलायचा थांबला. घरी येऊन त्याला चौदा महिने झाले होते. धुळ्याच्या स्टँडवर आप्पा उभेच. आम्ही कुठल्या गाडीत आहोत हे सांगितलंही नव्हतं, पण त्यांनी जळगाव सोडल्याची वेळ विचारली होती, तेवढं पुरे.

घरी ताटं मांडलेली. कढी-फुणके. तुरीची डाळ भिजवून, वाटून, वाफवलेले मुटके म्हणजे फुणके, ते गरम कढीत कुस्करून खायचे. सोबत कळण्याची भाकरी, ठेचा, भाजलेल्या बिबड्या. आणि मधोमध पातेलं. भरिताचं! आईंनी झाकण काढताच नवरा आणि मी एकमेकांकडे बघून असे हसलो की आईंना कळेचना. ‘डिसेंबर आहे, भरीत नको करू?’ म्हणाल्या. ‘जेवी ल्या आधी.’

जेवणं झाल्यावर मी फोनवर शीट भरत बसले. सवय! धुळे, जेवण, रुपये शून्य. भरलं आणि मलाच कसंतरी झालं, पण रकाना रिकामा ठेवला तर बेरीज चुकते. आप्पा मागून चष्मा सरसावत आले. ‘हाई काय शे?’

चाळीस वर्षं वे-बिल लिहिलेला माणूस तो. त्यांच्या काळात ट्रेमधली तिकिटं आणि पंच, आणि ड्युटी संपली की डेपोत बसून पैशापैशाचा मेळ. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि एकेक ओळ बोटाने खाली सरकवत वाचली. रेल्वे १,२००. एसटी ६९०. रिक्षा आणि लेण्यांची बस ३००. गाडी १,६००, इथे त्यांनी फक्त ‘हं’ केलं. लेण्यांची तिकिटं ८०. खाणं-चहा ३,१७०. मग बोट वर गेलं आणि थांबलं. रूम, दोन रात्री, ९,२००.

४,४०० असायला हवे होते. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला असणार. माझ्या पोटात गोळा. नवरा उठून पाणी प्यायला आत निघून गेला, पळपुटा! त्या फ्लॅटमध्ये ज्यांचा फंड गेला, त्यांच्यासमोर आमचं खोटं चक्क तक्त्यात मांडलेलं. मी ‘आप्पा, ते…’ म्हणून सुरुवात केली.

‘नाश्ता त्यातच होता का?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘पोटभर?’

‘हो आप्पा. अगदी.’

‘मग ठीक.’ बोट पुन्हा खाली आलं. शेवटच्या ओळीवर. ‘हे मात्र चुकलं. शून्य कसं? वांगी पन्नासची, दही घरचं धर, डाळ, तेल, गॅस… तुझ्या सासूला विचार. खर्च झाला तो झाला. लिहायचा. एकूण किती म्हणतेस? सोळा हजार दोनशे चाळीस? बजेट सोळा? म्हणजे आधीच दोनशे चाळीसने शॉर्ट. आणि त्यात हे धरलंच नाही.’

आई आतून ओरडल्या, ‘माझ्या स्वयंपाकाचे पैसे लावताय का तुम्ही?’ पण आप्पांनी ऐकलं नाही. हिशेब ४१० वर आला आणि तो त्यांनी माझ्याकडून चौदाव्या रकान्यात भरून घेतला. पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. मी पाकिटाकडे नुसता हात नेला तर दोघंही एकदम चिडले. फक्त आकडा हवा होता.

संध्याकाळी धुळ्याहून मेमूने चाळीसगाव. छप्पन्न किलोमीटरची ही फाट्याची लाइन १९०० सालापासूनची आहे, आणि आता तिच्यावर धावणारी मेमू एसटीपेक्षाही स्वस्त पडते. चाळीसगावहून मुंबईची गाडी. डब्यात आईंनी दिलेल्या दशम्या आणि उरलेलं भरीत. आजूबाजूच्या बर्थवरून तीन जणांनी विचारलं, जळगावचं का? म्हटलं, नाही, धुळ्याचं.

मावसभावाला मी अर्थातच सगळं कळवलं. खान्देशात रिसॉर्टच्या गेटबाहेरची किंमत निम्मी नाही, सहावा हिस्सा आहे, हेही. त्याने उत्तरादाखल कुठल्याशा बंदरातला डबल्सचा फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘तिखट कमी आहे.’

गेल्या बुधवारी मीटिंगमध्ये असताना आप्पांचा फोन आला. ते सहसा ऑफिसच्या वेळेत करत नाहीत, म्हणून घाबरून बाहेर येऊन उचलला. त्यांनी थेट सुरुवात केली. धुळ्याहून सकाळची जळगाव गाडी, तिथून फर्दापूर, सोमवार टाळायचा, परतीची गाडी चारच्या आत. चौघांत तीन अर्धी तिकिटं, एक फुल. तुझ्या सासूने अजिंठा बघितलेला नाही, मीही नाही, त्या रूटला माझी ड्युटी कधी लागलीच नाही. आणि मग जरा थांबून, ‘दोन खोल्या नकोत. एक्स्ट्रा बेडचे किती घेतात ते विचारून ठेव.’

मी लगेच विचारलं. एका बेडचे ९००, नाश्त्यासकट. आप्पांना परत फोन करून सांगितलं. या वेळी खरा आकडा.